सवतीची सेवापूर्ती

आमच्याकडं माणसाला नोकरी संपवून गुपचूप घरी जाता येत नाही. चौकात फ्लेक्स लागतो, मांडव पडतो, उत्सवमूर्तीला फेटा बांधून बायकोशेजारी बसवतात, आणि येणारा प्रत्येक जण टॉवेल-टोपी घेऊन येतो. माझ्या एका शेजाऱ्याला इतके टॉवेल आले, की पणतवंडांपर्यंत कुणाला अंग पुसायची चिंता उरली नाही. पण करमाडला माझ्या दाजींच्या दारात झाला तसा सोहळा अख्ख्या मराठवाड्यात कुणी पाहिला नसेल. कारण तिथं निवृत्त होणारं एक विमान होतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. हवाई दलाच्या मालवाहू विमानात सामान चढवायचं, पट्ट्यांनी आवळायचं आणि त्याच्यासोबत उडायचं, हे त्यांचं काम. सगळी नोकरी दोन पंख्यांच्या एकाच जातीच्या विमानावर गेली. दाजी त्याला 'म्हातारी' म्हणायचे. अक्का म्हणायची 'सवत'. सुटीचे दिवस माझे, बाकी वरीस तिचं, अशी तिची जुनी तक्रार.

ते विमान आता ताफ्यातून काढणार, अशी बातमी टीव्हीवर आली आणि दाजी मिटले. बोलके ते कधीच नव्हते. पण आता ताटावर बसायचे, भाकरी मोडायचे, आणि तशीच टाकून शेताकडं चालू लागायचे. शेवटी अक्काचा मला फोन आला.

"जगाला एवढ्या थापा मारतोस, एक ह्यांच्यासाठी मार. माणूस लई वाळत चाललाय रे."

थापा हा शब्द मला लागला. मी फक्त खरं तेच जरा मोठ्या आवाजात सांगतो. पण दाजींना खोट्याचा केवढा तिटकारा आहे, तेही मी ओळखून होतो. मी म्हटलं, सेवापूर्ती करू. तुझ्या सवतीची.

शहरात फ्लेक्सवाल्याकडं गेलो, विमानाचा फोटो दिला आणि वर 'सेवापूर्ती सोहळा' लिहायला सांगितलं. त्याचा हात सवयीनं चालला. फ्लेक्स उघडून बघतो, तर विमानाच्या पुढच्या काचांच्या वर तुरा काढलेला भगवा फेटा. मी म्हटलं राहू दे. विमानाला शोभतही होता.

भावकी जमली. काय निवृत्त होतंय हे माहीत असूनही एकही जण टॉवेल-टोपीवाचून आला नाही. मानाच्या खुर्चीवर विमानाचा फोटो ठेवला होता. शेजारच्या खुर्चीवर दाजींनी बसावं म्हणून सगळ्यांनी ओढलं, पण ते मान हलवून पार मागच्या रांगेत जाऊन बसले.

मग मी भाषणाला उभा राहिलो. सांगितलं, की ह्या विमानानं एकदा कन्नडचा साखर कारखाना मजुरांसकट उचलून हिमालयात नेऊन ठेवला. पंखे गोठले, तेव्हा दाजींनी खिडकीतून हात काढून ते फिरवले. आत भरलेल्या बोकडांनी घाबरण्याऐवजी टाळ्या वाजवल्या. मांडव हसून लोळत होता. मी बोकडांच्या हातात स्टिअरिंग देणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"पाव्हणं, बास."

दाजी उभे होते.

"तिनं असलं काय केलं नाय. रॉकेल नेलं, पीठ नेलं, जित्ती बोकडं नेली. वर हवा पातळ, तिला दम लागायचा. थंडीनं माझी बोटं हुकाला चिकटायची." ते थांबले. "पण येताना सुटीवर निघालेली फौजेतली पोरं बसायची. बर्फात लई दिवस काढलेली. दार लागलं की एकमेकांच्या खांद्यावर झोपायची. एवढा दणदणाट, तरी झोपायची. मी त्यांच्याकडं बघत बसायचो. मी चढवलेलं एकबी पोरगं तिनं वर ठेवलं नाय. समदी खाली उतरवून दिली."

एवढं बोलून ते खाली बसले. भावकीतला एक चुलतभाऊ तेवढा नाक पुसत होता. तो म्हणाला धूळ गेली.

अक्का उठून घरात गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती ताट घेऊन आली, त्यात कुंकू, तांदूळ, खण, नारळ. फोटोसमोर पदर खोचून बसली, विमानाच्या कपाळाला, म्हणजे बरोबर फ्लेक्सवाल्यानं फेटा बांधला होता त्या जागी, कुंकू लावलं आणि ओटी भरली.

"ह्यांनाबी दर खेपेला धाडलंस की गं माघारी," ती फोटोला म्हणाली. मग मागच्या रांगेकडं वळली. "या आता. बसा तिच्याजवळ. आजच्या दिवस माझी हरकत नाय."

दाजी आले आणि बसले. अक्कानं स्वतःच्या हातानं त्यांना फेटा बांधला. त्यांची स्वतःची नोकरी संपली तेव्हा हे करायला तिकडं विमानतळावर घरचं कुणीच नव्हतं.

नंतर पंगत बसली. दाजी जेवले. पुरणपोळ्या किती खाल्ल्या तो आकडा मी सांगत नाही. तुम्ही लगेच मला थापाड्या म्हणाल. अक्काला विचारा. वाढायला तीच होती.