निंबाचे पाय

आखाजीच्या आधी आमच्या खान्देशात घरोघरचे मुराळी निघतात. सासरी नांदणाऱ्या लेकीबहिणींना माहेरी आणायला जो जातो, तो मुराळी. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे हा सासुरवाशिणींचा सण आहे आणि झोक्याशिवाय तो होत नाही. भर उन्हाळ्यात झाडाला दोर बांधायचा, झोके घ्यायचे, गाणी म्हणायची. सणापुरतं तरी त्यांना कुणी चुलीपुढे बसवत नाही.

यंदा आमच्या घरचा मुराळी मी होते. माझे वडील, नाना, दरवर्षी फुईला (आत्याला) आणायला जातात. ती धुळे जिल्ह्यात, पिंपळनेरच्याही पलीकडे डोंगराकडे दिलेली. यंदा नानांचा पाय मुरगळलेला आणि धाकट्या भावाची परीक्षा. मी म्हटलं, मी जाते. आईला ते पटलं नाही. "पोरगी कुठं मुराळी असती का?" मी म्हटलं, घरातली पहिली पदवीधर मी, असोद्याहून जळगावच्या डाळ मिलच्या ऑफिसात रोज एकटी जाते-येते, मग फुईकडे जायला काय झालं? हे मी मिरवते असं कुणाला वाटलं तर वाटू द्या. माझ्या आईला बसवरची पाटी वाचता येत नाही. मला येते, आणि त्याचा मला आनंद आहे.

निघताना नाना ओट्यावर पाय लांब करून बसले होते. समोर आमचा निंब (कडुनिंब). फुई लहान होती तेव्हा त्याच्यावर झोका बांधला, तो आजवर चुकला नाही. पण गेल्या वर्षीपासून निंबाची रस्त्याकडची बाजू वाळत चालली होती. एक फांदी मोडून शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरवर पडली. कुणाला लागलं नाही, पण बोलाचाली झाली. नानांनी लाकूडतोड्याला सांगून ठेवलं होतं, आखाजी झाली की दुसऱ्या दिवशी ये.

"फुईले काही सांगू नको," ते मला म्हणाले. "आल्यावर पाहीन ती. शेवटचा झोका घेऊ दे तिले, मंग तोडू."

मी मान हलवली आणि पिशवी उचलली. रिक्षात बसल्यावर मात्र वाटलं, हे काय घेऊन निघाले मी? मुराळ्यानं माहेरचा सांगावा न्यायचा असतो, लपवायचा नसतो.

जळगावच्या स्टँडवर माझ्यासारखे पुष्कळ मुराळी होते. इस्त्रीचे कपडे, हातात केळीची फणी, खांद्यावर रुमाल. पोरगी मी एकटीच. धुळ्याची बस मिळाली, खिडकीही मिळाली. एरंडोल मागे पडलं. लहानपणी नानांबरोबर या रस्त्यानं गेल्याचं आठवतं, तेव्हा दोन्ही बाजूंच्या झाडांच्या फांद्या बसच्या टपाला घासायच्या. आता रस्ता रुंद झाला आहे, गाडी पाण्यासारखी पळते. मध्ये दुभाजकावर कण्हेरी लावल्या आहेत. फुलं सुंदर येतात. सावली मात्र कण्हेरीच्याच बुडाशी पडते.

पारोळ्याच्या अलीकडे टायर बसलं. सगळे खाली उतरलो. ऊन असं की डांबराला चप्पल चिकटत होती. आजूबाजूला नांगरलेली रानं आणि बांधावर एकच बाभूळ. बसभर माणसं त्या एका बाभळीखाली जाऊन उभी राहिली. सावली सरकली तसे आम्हीही सरकलो. कंडक्टर म्हणाला, "पुढं सरका, पुढं सरका. इथंही तेच सांगायला लागतंय मला!" सगळे हसले.

माझ्या शेजारी लुगडं नेसलेली एक अक्का होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कोनी पोर शे व तू? कथी चालनी?" (कुणाची पोर तू? कुठे निघालीस?)

"असोद्याची. पिंपळनेरकडे, फुईला आणायला."

"मुराळी पोर!" अक्कानं तोंडाला पदर लावला. "तुले भाऊ नही का?"

"आहे. त्याची परीक्षा आहे."

"मंग बेस व्हयनं. पोऱ्या मुराळी येस नि दिनभर खाटवर लोळस." (मग बरंच झालं. पोरगा मुराळी येतो आणि दिवसभर खाटेवर लोळतो.) आजूबाजूच्या दोन-तीन मुराळ्यांनी माना फिरवल्या. मग अक्का बाभळीच्या खोडावर हात ठेवून म्हणाली, "हाई नही ऱ्हाती ते आज आपला पापड व्हता." (ही नसती तर आज आपला पापड झाला असता.) मी आमच्या निंबाचा विचार करत होते. त्याच्या सावलीत आमची गल्ली अशीच सरकते. सकाळी म्हातारी माणसं, दुपारी भाजीवाली, संध्याकाळी पोरं.

धुळ्याच्या स्टँडबाहेर शेवभाजी आणि भाकरी खाल्ली. तर्री इतकी की नाकाडोळ्यांतून पाणी आलं. हॉटेलवाला म्हणाला, "ताई, जळगावकडच्या ना? तिकडं सगळं गोड, केळीसारखं." मी त्याला दाखवायला आणखी एक वाटी मागितली. साक्रीपर्यंत त्याचा पश्चात्ताप झाला.

साक्री, पिंपळनेर, आणि पुढे जीपमध्ये मागे पाय दुमडून. जमीन उचलायला लागली. काळ्या मातीचा रंग जाऊन तांबूस माती आली, कांद्याच्या चाळी गेल्या आणि डोंगर जवळ आले. डोंगरावर साग उघडे उभे होते, एक पान नाही. पण मधेमधे काही झाडांना तांब्यासारखी पालवी फुटली होती. जीपवाल्याला विचारलं तर म्हणाला, "मोह." जसं काही मी त्याला सूर्य कोणता म्हणून विचारलं होतं.

फुईनं दारातच माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि लगेच बोलायला लागली, "मुराळी कुठं लपला? तू तं त्याची पिशवी दिसती." तिची बोली आता निम्मी असोद्याची, निम्मी इकडची झाली आहे. फुवा (तिचे यजमान) बाजेवरून म्हणाले, "पोर शे, पहिले पानी दे. बोलनं मंग." रात्री नागलीची भाकरी, उडदाचं घुटं आणि भाजलेली मोहाची फुलं. फुलं मनुक्यासारखी गोड, पण मागून एक उग्र वास येतो. मला आवडली असं म्हणणार नाही. मी खाल्ली.

नानांचा पाय कसा, भावाची परीक्षा कशी, सगळं विचारून झालं. मग फुई म्हणाली, "नि निंब?"

"आहे," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

सकाळी उजाडता उजाडता ती मला टोपली देऊन बांधावर घेऊन गेली. मोहाची फुलं पहाटे गळतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. हंगाम सरत आला होता, शेवटची फुलं होती. इथे मोहाची झाडं घराघरांत वाटलेली आहेत. झाड कुणाच्याही बांधावर असो, त्याच्याखाली त्याच घरच्या बायका वेचणार. प्रत्येक झाडाखालची जागा अंगणासारखी झाडून ठेवलेली. आमच्या घरातलं देवघरही इतकं लख्ख नसेल. झाडून स्वच्छ केलेल्या त्या जमिनीवर पिवळट फुलं पडलेली असतात आणि एक एक करून उचलायची असतात. वाकून माझी कंबर गेली. फुई मात्र बोलत बोलत टोपली भरत होती.

मी टोपली घेऊन मागे सरले आणि अंगठ्याला सणसणून ठेच लागली. टोपली गेली, मी बसले, फुलं पुन्हा जमिनीवर.

"बी.कॉम. झाली, तरी खाली पाहत नही!" फुई हसता हसता म्हणाली. "एवढे पाय पसरून बसलंय झाड, तुले दिसलं नही?"

अंगठा धरून मी बघत राहिले. खोड जमिनीजवळ येता येता रुंद झालं होतं आणि मुळं चारी बाजूंना पाय पसरावेत तशी बाहेर निघाली होती. पुढच्या मोहाचंही तसंच. त्याच्या पुढच्या आंब्याचंही.

आमच्या निंबाला पाय नाहीत. आमचा निंब जमिनीत रोवलेल्या खांबासारखा सरळ आत जातो. आणि तो पूर्वी असा नव्हता. लहानपणी त्याच्या एका मुळावर मी घोडा करून बसायचे. बसून बसून ते गुळगुळीत झालं होतं. ते मूळ गेलं कुठे?

कुठे जाणार? नानांनी पुरलं. शेतात तळ्यातला गाळ आणून टाकला तेव्हा उरलेला गाळ त्यांनी घरी निंबाला आणला. केळीला खोडाशी माती चढवतात, भर देतात, म्हणजे ती वाऱ्यानं पडत नाही. नानांनी निंबालाही तशीच भर दिली. गोल आळं केलं, वर घराच्या टाकीवरून ठिबकची नळी आणली. उन्हाळा-पावसाळा थेंब थेंब पाणी चालू. पानं गळायला लागली तशी त्यांनी आणखी माती टाकली, आणखी पाणी सोडलं. जन्मभर केळी केलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? ज्याच्यावर जीव आहे त्याला आम्ही माती आणि पाणी देतो.

मी तिथेच बसून फुईला सगळं सांगितलं. वाळलेली बाजू, ट्रॅक्टर, गाळाची भर, ठिबक, लाकूडतोड्या, शेवटचा झोका. नानांनी सांगू नको म्हटलं होतं तेही सांगितलं.

फुईचे हात थांबले. मग म्हणाली, "तोडायच्या झाडाचा झोका मी कायले घेऊ?"

"फोन करू का नानांना?"

"फोनवर तो हो म्हनीन नि त्याचंच करीन. चल, आवर. आजच निघू."

फुवा म्हणाले, "एक दिवस ते ऱ्हाऊ दे पोरले." फुई म्हणाली, "तुमी गप ऱ्हा." मुराळी फुईला आणतो अशी रीत आहे. यंदा फुईनं मुराळ्याला हाताला धरून आणलं.

असोद्याला पोचलो तेव्हा दिवस मावळायचा होता. फुईनं पाय धुतले नाहीत, पाणी घेतलं नाही. तशीच निंबापाशी गेली, वर बघितलं, मग खाली. "नाना, फावडं आन."

"फावडं? अगं, आधी बस तं—"

"आन."

माती आम्ही दोघींनी ओढली. गाळ ओला, चिकट. आत आत गेलो तसा आंबूस वास यायला लागला. रस्त्याकडच्या बाजूची साल ओल्या मातीखाली कुजून काळी पडलेली, बोट लावलं तर आत जात होतं. नाना काठी टेकत आले आणि ते बघून तिथेच खाली बसले.

"मले वाटलं, त्याले जोर कमी पडत असन," ते म्हणाले. "म्हणून भर दिली."

मी फावडं बाजूला ठेवलं. फुई म्हणाली, "तू केळीचा मानूस. केळ दीड वर्सात तोडायची असती. याले काय घाई आहे?"

घराकडच्या बाजूला माती काढली तशी साल टणक लागली. आणि माझं मूळ निघालं. मी हातानं पुसलं. अजून गुळगुळीत होतं.

लाकूडतोड्या सांगितल्याप्रमाणे आखाजीच्या दुसऱ्या दिवशी आला. त्यानं वाळलेल्या फांद्या तेवढ्या उतरवल्या. झाड राहिलं. निंबाला भार नको म्हणून आखाजीचा झोका यंदा आदल्या दिवशी शेजारच्या गल्लीत चिंचेवर बांधला होता. सगळ्या बायका तिकडे गेल्या, मीही गेले, फुई गेली नाही. ती निंबाच्या मुळावर बसून इथूनच त्यांच्या गाण्यात आवाज मिसळत होती. नानांनी ठिबकची नळी गुंडाळली आणि ती हातात घेऊन उभे राहिले, आता काय करू अशा तोंडानं.

"आता मी याले काय देऊ?" त्यांनी विचारलं.

"काही नको देऊ. खाट टाक नि बस."

परत पोचवायलाही मीच गेले. पारोळ्याजवळ ती बाभूळ दिसली तेव्हा मी फुईला दाखवली. साक्रीच्या स्टँडवर मी म्हटलं, "पुढच्या वर्षी नानांचा पाय बरा असेल. तेच येतील."

"नको वं बाई," फुई म्हणाली. "नाना आला तर आमच्या मोहाले ठिबक बसवून जाईन."

निंब जगेल असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. अर्धा उघडा आहे. उरलेल्या अर्ध्याला पानं आहेत, आणि त्याखाली आमची गल्ली जरा दाटीनं सरकते. नाना रोज सकाळी लवकर उठतात. हाताला सवय आहे, काहीतरी द्यायला बघतात. मग भिंतीला टेकवलेला खराटा घेतात आणि फुईच्या मोहाखाली मी बघितली तशी, निंबाच्या पायांभोवतीची जमीन झाडून लख्ख करतात. माती साठू देत नाहीत. झालं की खाट ओढून बसतात आणि वर बघत राहतात.