राफ्टमधली पुढची जागा

माझा धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला. एका मे महिन्यात त्यानं मला, बायकोला आणि चौदा वर्षांच्या लेकीला घनसावंगीहून बोलावून घेतलं आणि कोकणात राफ्टिंगला नेलं. नदीचं नाव कुंडलिका. आमच्या जालन्यातल्या नदीचंही नाव तेच, पण उन्हाळ्यात तिच्यात पाऊलही भिजत नाही. इथं रोज सकाळी धरणाचं पाणी सुटतं आणि लोक त्यावर खेळतात. माझ्या पोटात दुखायला तिथूनच सुरुवात झाली.

हेल्मेट, जॅकेट चढवून झाल्यावर गाईडनं विचारलं, “पोहता कुणाला येतं?”

आम्ही दोघा भावांनी हात वर केले. लेकीनं बघितलं ते मात्र भावाकडं.

“काका, तुम्हाला पोहता येतं?”

तो नुसता हसला. त्याला गोदावरीत पोहायला मी शिकवलं होतं. तेवढं काही तो बोलला नाही.

गाईडनं त्या काका-पुतणीला पुढं बसवलं, मला नि बायकोला मागं. पाणी उसळलं की लेक किंचाळायची आणि काकाचा दंड धरायची. मी मागून जीव खाऊन वल्हं मारत होतो, ते तिला दिसायचं कारणच नव्हतं. त्या नदीचे काठ मला आज आठवत नाहीत, त्या दोघांच्या पाठी तेवढ्या आठवतात.

पुढं पाणी संथ झालं. “उतरायचं त्यांनी उतरा, पण राफ्टची दोरी सोडू नका,” गाईड म्हणाला. भाऊ उतरला, डुंबून परत वर आला. लेकीनं टाळ्या वाजवल्या. मंग मीही उडी टाकली, दोरी सोडली आणि धारेच्या उलट हात मारायला लागलो. जॅकेटमुळं हात बराबर चालेनात. बघता बघता दम संपला आणि पाणी मला खाली घेऊन निघालं. गाईडनं दोरी फेकली. भावानं जॅकेटचे पट्टे धरून मला पोत्यासारखं आत ओढलं.

लेक रडून राह्यली होती.

जेवताना भाऊ तिला म्हणाला, “अगं, मला पोहायला दादानंच शिकवलं. गावात त्याच्यासारखा पोहणारा न्हवता.”

मी भाकरी मोडत बसलो. माझं कौतुकसुद्धा यानंच वाढावं, याचा मला जास्तच राग आला.

लेकीनं डोळे पुसले. “मंग पप्पा, मला का न्हाई शिकवलं?”

बायको माझ्याकडं बघत होती. पोरीला नदीवर न्यायचं माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी तिला शेजाऱ्याच्या विहिरीवर नेलं. आठवड्यानं भावाचा फोन आला. “शिकली का रे दादा?”

“शिकून राह्यली,” मी म्हणालो.

तोवर ती विहीर या कडेपासून त्या कडेपर्यंत एका दमात पार करत होती. ते त्याला मुद्दाम सांगितलं नाही.