माठातला ॲक्झोलोटल

एका उन्हाळ्यात आमच्या माठात सव्वा महिना एक मेक्सिकन प्राणी राहत होता. आम्ही पाणी शेजारच्या हंड्यातलं पीत होतो. हे घरात सर्वांना ठाऊक होतं. आईला नव्हतं, कारण आई गावी, नातेपुत्याला असे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सोलापुरातल्या एका कॉलेजात हंगामी कारकून होतो, टपालाचं काम बघायचो. मला कायम करायचं की घरी पाठवायचं हे जूनमध्ये ठरणार होतं आणि ठरवणाऱ्या समितीत प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख होते. पेपर तपासायला पुण्याला निघताना सरांनी माझ्या टेबलावर एक काचेची बरणी ठेवली. आत तळहाताएवढा फिकट गुलाबी प्राणी. चार पाय, मानेजवळ लाल पिसांसारखे कल्ले आणि चेहऱ्यावर कायमचं हसू.

"ॲक्झोलोटल," सर म्हणाले. "परदेशातल्या मित्रानं दिलाय. पाणी गार ठेवा. उकाडा लागला की संपला."

महिना मे होता आणि गाव सोलापूर.

पहिल्या दिवशी मी बरणी ओल्या चादरीत गुंडाळली (आमच्या गावात दुसरं काही कमी पडेल, चादर नाही). दुपारी प्राण्याचे कल्ले हलायचे थांबले.

"अहो, हा मेला," बायको म्हणाली.

"झोपलाय."

"डोळे उघडे आहेत की."

"त्याला पापण्या नाहीत."

"मग झोपलाय कशावरून?"

मला बरणीत प्राणी दिसेना, समिती दिसू लागली.

माठाची युक्ती बायकोची. नळाचं पाणी दिवसभर शिळं करून माठात ओतलं, प्राणी आत सोडला, तासाभरात कल्ले हलू लागले. माझी भीती मात्र वाढली. बरणीत तो मेलेला तरी दिसला असता. माठात काळोख होता. मी दर तासाला खिडकीतलं ऊन आरशानं माठात पाडून तो जिवंत असल्याची खात्री करू लागलो. कॉलेजात असताना ही ड्यूटी बायकोकडे असे.

आठव्या दिवशी आई आली. भर दुपारी एस.टी.तून उतरलेल्या माणसानं आधी माठातलं पाणी प्यायचं, मग बोलायचं, ही आमच्याकडची रीत. त्यासाठी कुणी कुणाला विचारत नाही. मी मागच्या दारी मोरीजवळ गांडुळं उकरत होतो (पाहुण्याचं जेवण). आईनं गाठोडं ठेवलं, लांब दांड्याचं ओगराळं घेतलं आणि ती एकदा पाणी काढून प्याली. मग दुसऱ्यांदा काढलं.

"दत्तू," आतून तिचा शांत आवाज आला, "तुझ्या पाण्याला तोंड हाय."

मी धावलो. ॲक्झोलोटल ओगराळ्यात बसून आईकडे बघत हसत होता. आई हलली नव्हती.

"आई, हलू नकोस!" मी असा ओरडलो की तिच्या हातून ओगराळं पडलं. मी फरशीवरून प्राणी उचलला, माठात टाकला आणि घाईनं झाकण आदळलं. प्राणी पूर्ण आत गेला नव्हता. त्याचा एक पाय बाहेरच राहिला.

मग बायकोनं आठवण करून दिली, "सासूबाई ते पाणी प्यायल्यात."

पुढचे दोन तास आम्ही आईसमोर बसून होतो. तिचा डोळा लागला की हलवून उठवायचो. तिसऱ्यांदा उठवल्यावर ती म्हणाली, "मेले तर सांगते. आता झोपू दे."

आईला काही झालं नाही. जे व्हायचं ते माझं होणार होतं.

"तीन पाय हायेत की," आई संध्याकाळी माठात डोकावून म्हणाली. "आमच्या म्हशीचं शिंग मोडलं हुतं. दूध लई द्यायची."

"हा दूध देत नाही, आई."

"मग पाळलाय कशाला?"

हाकलून देण्याआधी आपणच जावं, असं मी ठरवलं. प्राचार्यांच्या नावे राजीनामा लिहिला. हंगामी कारकुनाचा अर्ज थेट प्राचार्यांकडे जात नाही, समितीतल्या वरिष्ठांच्या शिफारशीनं जातो. म्हणून तो नियमाप्रमाणे सरांना पुण्याच्या पत्त्यावर पाठवला.

तीन आठवड्यांनी आरसा धरलेली बायको म्हणाली, "अहो, याला काहीतरी फुटलंय." तुटल्या जागी कोंबासारखं काही होतं. मला वाटलं, रोग. जूनमध्ये त्या कोंबाला बोटं आली.

सर परतले तेव्हा पाय किंचित लहान होता, पण होता. मी सगळं सांगितलं.

"याचे पाय पुन्हा येतात," सर म्हणाले. "पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं."

"आणि माझा अर्ज, सर?"

"तुमचा होता का? पेपरांच्या गठ्ठ्यात काही कागद होते. निघताना न वाचता सह्या केल्या, दिले पाठवून."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात टपाल आलं. माझी सवय अशी की आधी शिक्का मारायचा, आवक क्रमांक घालायचा, मग कागद वाचायचा. चौथा कागद माझा होता. खाली मीच लिहून ठेवलेले 'शिफारस आहे' हे शब्द आणि त्यांखाली सरांची सही. फाडावा असं मनात आलं. पण क्रमांक पडलेला कागद गहाळ होता कामा नये, हे शिपायापासून हेडक्लार्कपर्यंत सगळ्यांना मीच ऐकवत आलो होतो.

मी तो वेळेत प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला. राजीनामा मंजुरीचं पत्र टाइप करायला दुपारी माझ्याकडेच आलं. त्यात एकही चूक झाली नाही.