दुसऱ्या रिमोटचं बटण

जुन्या व्हिडिओ गेमबद्दल कुणी हळवं होऊन बोलायला लागलं की मी विचारतो, दुसरा रिमोट कुणाच्या हातात असायचा? माणूस उत्तर द्यायला अडखळला तर समजायचं, पहिला त्याच्याकडे होता.

टीव्हीला जोडायचे ते स्वस्तातले डबे ज्यांनी वापरले असतील त्यांना आठवेल. डब्याबरोबर दोन रिमोट यायचे. खेळ सुरू करायचं आणि मधेच थांबवायचं बटण फक्त पहिल्यावर असे. दुसऱ्याला तहान लागो नाहीतर लघवी लागो, पहिल्याला विचारल्याशिवाय खेळ थांबत नसे.

मी बावीस वर्षं गेम बनवतो आहे. जुने गेम मला आजही चांगले वाटतात, आणि त्याचं कारण माझं लहानपण नाही. त्या डब्यात घालायच्या कॅसेटमध्ये जागाच इतकी थोडी असे की बनवणाऱ्याला नेमकं बोलावं लागे. तीन लाईफ, एक उडी, समोर एक खड्डा. पडलात तर का पडलात ते तिथल्या तिथे कळायचं. आताचे गेम देखणे असतात. डोंगरावरचं गवतसुद्धा वारा येईल तसं वाकतं, आणि ते वाकवायला किती महिने जातात हे माहीत असल्यामुळे मी त्यांना नावं ठेवत नाही. माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. त्यातले बरेचसे गेम माणसाला उठू देत नाहीत. रोज या, बक्षीस घ्या, एक दिवस चुकला की सगळं पहिल्यापासून. हे मी अधिकारानं बोलतो, कारण पुण्यात नोकरीला असताना असले सापळे मी स्वतः लिहिले आहेत आणि ते उत्तम चालले.

तीन वर्षांपूर्वी ती नोकरी सोडून पाटोद्यात एक खोली भाड्यानं घेतली आणि स्वतःचा गेम करायला घेतला. आमच्या बीडकडे ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांची मोजणी कोयत्यावर होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम गाडीत घेताना तोंड वाकडं करतो. दोघांनी मिळून खेळायचा गेम मला त्या मोजणीत तयारच सापडला. एकानं ऊस तोडायचा, दुसऱ्यानं मोळी बांधून डोक्यावरून ट्रकपर्यंत न्यायची. तोडणारा एकटा पुढे पळाला तर ऊस नुसता रानात पडून राहतो, ट्रक अर्धाच भरून निघून जातो. आजवर मी केलेल्या कामात हे सगळ्यात चांगलं आहे, आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

तो तपासून घ्यायला माझ्या धाकट्या बहिणीएवढं जाणतं माणूस मला माहीत नव्हतं. ती युसूफ वडगावजवळ दिली आहे. पंचवीस हंगाम तिनं ऊस तोडला, पहिले काही वडिलांबरोबर, मग नवऱ्याबरोबर. आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून दोन म्हशी सांभाळते. पण तिच्याकडे जायचं टाळत मी दोन महिने काढले. तिला एक गोष्ट सांगायची होती आणि ती तीस वर्षं राहून गेली होती.

मी दहावीत होतो, ती आठवीत. त्या वर्षी आईचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला ओझं उचलायला मनाई केली. वडील, म्हणजे आमचे अण्णा, अर्धा कोयता झाले. आईच्या जागी आम्हा दोघांपैकी एकानं जायचं होतं. मी थोरला, त्यामुळे मी जाणार हे न बोलताच ठरलेलं होतं. ट्रक दिंद्रुडच्या बाजारातून निघायचा होता. भांडीकुंडी, गोधड्या घेऊन सगळे तिथं बसले होते. मी दहा मिनिटांत येतो म्हणालो आणि जवळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात शिरलो. दाराला गोणपाट लावलेलं असे. आत बसून खेळत असताना अण्णांनी रस्त्यावरून दोनदा हाक मारली. मला ती स्पष्ट ऐकू आली.

पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की, कधी न गाठलेल्या लेव्हलला पोचलो होतो म्हणून उठलो नाही. ते खरं नाही. मला जायचं नव्हतं. बाहेर आलो तेव्हा ट्रक गेला होता आणि आई रस्त्याकडेला बसली होती. बाई गेली तुझ्या जागी, एवढंच ती म्हणाली; बहिणीला ती बाईच म्हणायची. सायकलचं पंक्चर काढायला गेलो होतो असं मी घरी सांगितलं. पुन्हा कुणी विचारलं नाही. बहीण शाळेत परत गेली नाही. मी दहावी झालो, डिप्लोमा केला, पुण्याला गेलो.

यंदा दसऱ्याच्या आधी एका दुपारी तिच्या ओसरीवर बाजेवर लॅपटॉप ठेवला आणि दोन रिमोट काढले. पहिला मी घेतला. तिनं चष्मा लावला. मी तोडत गेलो, ती मोळ्या बांधत आली. पहिला ट्रक भरला तशी ती म्हणाली, "मोळी येका बटणात बांधती व्हय? आमाला कावून न्हाई दिलं असलं बटण?"

दुसऱ्या ट्रकाच्या मध्यावर ती सगळी बटणं एकेक करून दाबायला लागली. थांबायचं कुठलं, असं तिनं विचारलं. मला सांग, मी थांबवतो, असं मी म्हणालो.

"तुला कावून सांगू? पानी मला प्यायचं हाय."

मी बघितलं. खरंच, थांबवायचं बटण मी फक्त पहिल्या रिमोटला दिलं होतं. आजकाल दोन्ही रिमोट सारखेच असतात, अडवणारं कुणी नव्हतं. हातानं सवयीनं तसं लिहिलं होतं, आणि इतके महिने मी एकटाच दोन्ही रिमोट घेऊन तपासत असल्यामुळे ते दिसलंच नव्हतं.

मी खेळ थांबवला आणि तिला सांगून टाकलं. दुकान, गोणपाट, अण्णांच्या हाका, पंक्चरची थाप, सगळं.

ती स्क्रीनकडेच बघत होती. तिथं मोळी डोक्यावर घेतलेली बाई उभी होती.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "अण्णानं आदी मलाच धाडलं हुतं बघायला. गोणपाटाभायेर तुझी चप्पल हुती, दादा. येक बंद काळा, येक निळा. मी माघारी गेले आन् सांगितलं, दादा न्हाई तितं."

असं का केलंस, मी विचारलं.

"तू आला आसतास तर पहिल्या मोळीलाच रडला आसतास. अण्णाचा अर्धा कोयता अर्धाच ऱ्हायला आसता." ती हसली, मग चष्मा काढून पदरानं पुसला. "पर येक ध्यानात ठेव. मला बी शाळा लई आवडायची."

मी तिथंच बसून बटणाची दुरुस्ती केली. पाऊण तास लागला. कुणीही खेळ थांबवावा, आणि ज्यानं थांबवला त्यानंच तो पुन्हा सुरू करावा, असा नियम लिहिला. मग आम्ही परत खेळायला बसलो. तिसरा ट्रक भरत आला होता, मी एक लांब सरी तोडून मोकळी केली होती, आणि तिनं बटण दाबलं. रिमोट बाजेवर ठेवला आणि आत गेली.

मी माझ्याकडचं प्रत्येक बटण दाबून पाहिलं. काही हललं नाही. नियम बरोबर चालत होता. आतून तांब्याचा आवाज आला, मग ती परसात जाऊन म्हशीला काहीतरी बोलली, मग स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. तिला घाई नव्हती. मी पहिला रिमोट हातात धरून बसून राहिलो.