बोहनीच्या आधीचा माणूस

साऊ न्याम बर्फ विकायचा. उजाडायच्या आत कारखान्यातून लाद्या उचलायच्या, तीनचाकीत भाताच्या तुसात पुरायच्या, वर गोणपाट टाकायचं आणि साडेक गावाजवळच्या आमच्या बाजारात शिरायचं. मासेवाल्या, कॉफीवाले, भाताच्या टपऱ्या, सगळ्यांना बर्फ लागायचा आणि सगळ्यांना तो उधारच लागायचा. लादी करवतीनं कापताना साऊ बोलत नसे. भुगा मनगटांवर साचून तिथली कातडी पांढरट, सुरकुतलेली झाली होती. हात त्याच्याहून म्हातारे दिसत.

आमच्याकडे बोहनी झाल्याशिवाय कुणी कुणाकडे पैसे मागत नाही. मागितले तर दिवसाची बरकत त्याच्या मागोमाग निघून जाते. साऊची आणि गिऱ्हाइकांची गाठ पडायची ती नेमकी बोहनीच्या आधी. दुपारी तो वसुलीला यायचा तेव्हा फळ्या धुऊन बायका घरी गेलेल्या असत. एखादी उरलेली म्हणायची, "आत्ता आलात, दादा? सकाळी इथंच तर होतात."

"सकाळी मागितले तर झाडू घ्याल हातात."

"घेईनच की! आणि बर्फवाल्यानं इतकं तापू नये बाई."

हशा व्हायचा. साऊही हसायचा. हसून रिकामाच परत जायचा.

त्या वर्षी कारखान्याच्या मॅनेजरनं सांगितलं, पुनवेपर्यंत बाकी भरा, नाहीतर हा बाजार दुसऱ्याला देतो. साऊ दारोदार फिरला. थोडेथोडे करून पुष्कळ जमले. राहिली ती ताम. कणीचा भात आणि निखाऱ्यावर भाजलेलं डुकराचं मांस विकणारी, एकट्या बाईनं उभी केलेली टपरी. निम्मी बाकी तिच्याकडेच अडकली होती. दुपारी टपरी बंद असायची. घरी गेलं की भाची दारातूनच सांगायची, "मावशी देवळात गेलीय." आणि आतून मावशीचा खोकला ऐकू यायचा.

"सकाळी माग," साऊची बायको दियेप म्हणाली. "तेव्हा कुठं पळणार ती?"

"बोहनीच्या आधी?"

"कारखानावाला बघतो का तुझी बोहनी?"

पुनवेचा दिवस उजाडला. तामनं उदबत्ती लावली होती, निखारे फुलवत होती. साऊनं बर्फ पेटीत टाकला, पण तिथून हलला नाही.

"ताम, आज पैसे दे."

तिच्या हातातला पंखा थांबला. "काय म्हणालात?"

"दुपारपर्यंत भरायचेत. नाहीतर बाजार जातो माझा."

"पुनवेला? अजून एक ताट उठलं नाही माझं!"

"दुपारी तू सापडत नाहीस."

"पैसे नसतात म्हणून सापडत नाही!" मग तिचा आवाज एकदम खाली आला. "दादा, पाया पडते. एक गिऱ्हाईक होऊ द्या. एकच."

"एक होऊ दे, एक होऊ दे, करत वर्ष गेलं, ताम."

तिनं डबा उघडला. उद्याच्या मांसाचे पैसे त्यातच होते. सगळे काढून तिनं त्याच्या गोणपाटावर फेकले. मग अपशकुन जाळायला वर्तमानपत्राचा बोळा पेटवला, टपरीपुढं ओवाळला, जमिनीवर टाकून ओलांडला, परत ओलांडला. "निघ, निघ, जा," ती पुटपुटत होती. नोटा गोळा करणाऱ्या साऊकडे तिनं पाहिलंही नाही. शेजारच्या मासेवाल्यांनी मात्र पाहिलं.

पुनवेला निम्मं गाव मांसाला शिवत नाही. त्या दिवशी तामकडे कोण येणार होतं? हे तिला ठाऊक होतं, बाजाराला ठाऊक होतं. तरी संध्याकाळी तिनं कच्चं मांस मिठात घातलं तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं.

साऊनं दुपारीच पैसे भरले. बाजार त्याच्याकडे राहिला.

दुसऱ्या दिवशी पहिलीच मासेवाली म्हणाली, "दादा, जरा वाटेवर थांबता? बोहनी होऊ दे." पुढचीनं नुसती मान हलवली. कुणी वाईट बोललं नाही. तो बाजाराच्या फाटकाशी थांबला. तूस काळं पडत गेलं, गाडीखालून पाण्याची रेघ गटाराकडे चालू लागली. माशांना बर्फ तर बोहनीच्या आधीच लागतो. मोटारगाडीवाला एक पोरगा नदीपलीकडच्या कारखान्याचा बर्फ घेऊन आत गेला आणि रिकामा बाहेर आला. असे बरेच दिवस गेले.

एका सकाळी साऊ गाडी फाटकाशी सोडून तामपुढं उभा राहिला. मुठीत नोट होती.

"एक ताट दे. बोहनी मीच करतो. रोख."

तामनं नोटेला हात लावला नाही.

"नको, दादा. तुमच्या हातची नको."

तेवढ्यात एक शाळामास्तर आला, जेवला, पैसे देऊन गेला. ते पैसे तिनं बरकतीसाठी मांसाच्या तुकड्यांवरून फिरवले. मग साऊसाठी भात वाढला, वर अंडं ठेवलं. "बसा. खा आता."

त्यानं पुन्हा नोट पुढं केली.

"राहू द्या म्हटलं ना."

तिनं बर्फ घातलेल्या गार चहाचा पेला ठेवला. बर्फ गोल होता, नळीसारखा पोकळ, यंत्रात पाडलेला, नदीपलीकडचा. साऊनं एक खडा तोंडात धरून चावून पाहिला. भात सगळा संपवला. नोट पेल्याखाली ठेवून उठला तेव्हा ती त्याच्यामागं फाटकापर्यंत पळत आली आणि नोट त्याच्या गाडीतल्या ओल्या तुसात खोचून गेली.

तीनचाकी त्यानं त्याच आठवड्यात विकली, तुसासकट.