चकल्या अडवणारा सर्व्हर

"अहो, टेम्पो दारात उभाय! पाचला निघणार तो! माझ्या चकल्या विमानात चढणार, की मी तुमच्या ऑफिसात आणून ओतू?"

कुलकर्णीबाई ओरडत होत्या. त्या कर्वेनगरला, आम्ही हडपसरला. फोन नसता तरी ऐकू आलं असतं. परदेशातल्या पोराबाळांना दिवाळीचा फराळ पाठवायचा त्यांचा धंदा. वेबसाइटवर ऑर्डरी धो धो येत होत्या, पण पॅकिंगच्या प्रिंटरवर एकही पत्ता उमटत नव्हता. टेम्पो चुकला की लाडू दिवाळीनंतर पोचणार, आणि आमचं कॉन्ट्रॅक्ट त्याच्या आधी खड्ड्यात.

वेबसाइट आणि प्रिंटर यांच्या मधली मेसेज क्यू आमची. म्हणजे ऑर्डरींची रांग. रांगेच्या खिडकीवर एक सर्व्हर बसतो. तो आडवा झाला की दुसरा बसतो. या बिऱ्हाडाला क्लस्टर म्हणतात. त्या दुपारी पहिला आडवा झाला आणि दुसरा जन्मात पहिल्यांदा खिडकीवर आला.

"तो ऐकतोय का?" आमचे मॅनेजर देशपांडेसाहेब गरजले. सर्व्हरचं ऐकणं म्हणजे ठरलेल्या पोर्टवर, म्हणजे दारावर, येणाऱ्या हाकेकडे कान लावून बसणं.

"ऐकतोय, सर," माझ्या शेजारी बसणारा निखिल म्हणाला.

साहेबांनी स्वतः तपासलं. मग त्यांच्या साहेबांनी. तपासायचा राहिला तो फक्त गेटवरचा वॉचमन. सगळ्यांना एकच उत्तर: कनेक्टेड!

"म्हणजे बाईंच्याच बाजूला घोळ आहे," साहेबांनी निकाल दिला.

मी विचारलं, "पण तपासलंत कुठून?"

"कुठून म्हणजे? त्याच सर्व्हरवर लॉगिन करून. पॉलिसी आहे!"

होतीच. लॅपटॉपवरून सर्व्हरला थेट हात लावायचा नाही. आधी लॉगिन करून आत शिरायचं, मग काय ते बघायचं. त्यामुळे अख्खं ऑफिस आळीपाळीने आत शिरून हाका मारत होतं.

मी शेजारच्या सर्व्हरवरून हाक मारली. कनेक्शन रिफ्यूज्ड! त्याची कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाइल, उघडली, तर ऐकायचा पत्ता 127.0.0.1. म्हणजे पठ्ठ्या फक्त स्वतःच्या मशीनवरचं ऐकणार; बाहेर ढोलताशे वाजले तरी ढिम्म.

ओळ बदलली, सर्व्हिस रीस्टार्ट केली. प्रिंटर असा सुटला की कर्वेनगरात लोक भूकंप समजून खाली आले असतील. टेम्पो भरून निघाला.

मी ऐटीत बाईंना फोन लावला. पोर्ट, क्लस्टर, पॉलिसी, माझी हुशारी, सगळं ऐकवलं. बाई म्हणाल्या,

"अस्सं. म्हणजे तुम्ही सगळे घरात उभं राहून दार वाजवत होतात."