गारपिटीचा डबा

मी गारपीट खाल्लेली आहे. वरून लिंबू पिळून, दह्याबरोबर, आणि दुसऱ्यांदा मागून घेऊन.

हे मी गंभीरपणे सांगतो आहे, कारण आमच्या घरात हा विषय आजही गंभीर समजला जातो.

इकडे परदेशात, शॉमबर्गला, आम्ही काही हौशी मंडळी दर शनिवारी सकाळी इंटरनेट रेडिओवर मराठी कार्यक्रम करतो. नाव 'शनिवारचा फड'. दोनतीन गाणी, एखादी नाटिका, आणि शेवटी 'गावाकडची गोष्ट' नावाचं सदर. सगळं थेट, म्हणजे चुकलं तर चुकलेलंच जगभर जातं. माझी बायको मृणाल निवेदन करते आणि उरलेल्या सगळ्यांना धाकात ठेवते. मी आवाज काढतो. दार, घोडा, वादळ, भांडण चालू असताना शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी, असले आवाज. (आठवडाभर मी एका विमा कंपनीचे संगणक सांभाळतो. तिथेही सगळं नीट चाललेलं असलं की माझ्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. त्यामुळे सवय आहे.)

वर्षातून दोनदा फड दौऱ्यावर निघतो. दौरा म्हणजे दोन व्हॅन, पेटी, तबला, वायरींचं भेंडोळं आणि चहाचे थर्मास. हॉटेलबिटेल नाही. ज्या गावात कार्यक्रम, तिथल्या मराठी घरातल्या बेसमेंटमध्ये पथाऱ्या पसरायच्या. ही गोष्ट ज्या दौऱ्याची, त्या वेळी शुक्रवारचा मुक्काम ट्रॉय गावी होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता जवळच्याच नोव्हाय गावातल्या हॉलमधून कार्यक्रम. त्या खेपेला एक माणूस जास्तीचा होता. माझे बाबा.

बाबा सहा महिन्यांसाठी नागपूरहून आले होते आणि पुढच्या मंगळवारी परत जाणार होते. चौतीस वर्षं ते टेलिफोन खात्यात लाइनमन होते. तारा जोडायच्या, खांबावर चढायचं. "माझ्या तारेवरून अख्खा जिल्हा बोलला, मीच कधी बोललो नाही," असं ते म्हणायचे. मृणालनं त्यांना 'गावाकडची गोष्ट' सांगायला तयार केलं, आणि त्यांनी एका क्षणात विषय ठरवून टाकला, जणू चाळीस वर्षं कोणी विचारण्याचीच वाट बघत होते.

विषय होता काटोलकडची गारपीट. संत्र्याच्या बागा झोडपल्या गेल्या होत्या, तार तुटली होती, आणि दवाखान्याचा फोन बंद पडला होता. बाबा भर गारांत खांबावर चढले आणि त्यांचे जोडीदार वामनकाका खाली शिडी धरून उभे राहिले. तार जोडली गेली. पुढे खात्यानं प्रशस्तिपत्रक दिलं, ते एकट्या बाबांना. त्यात वामनकाकांचं नाव नव्हतं. बाबांनी ते पत्रक भिंतीवर कधी लावलं नाही. दौऱ्याच्या आदल्या वर्षी वामनकाकांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून ते नागपूरला अंथरुणावर होते, बोलणं जवळजवळ बंद. बाबांना एवढंच हवं होतं की त्यांचं नाव एकदा सगळ्यांसमक्ष घ्यावं आणि ते त्यांच्या कानावर पडावं. वामनकाकांच्या मुलानं शनिवारी बरोबर साडेआठला (आमची सकाळ अकराची, तेव्हा तिकडे रात्र) फोन त्यांच्या उशाशी लावून ठेवायचं कबूल केलं होतं.

आता गारपीट म्हटल्यावर गारांचा आवाज आला, आणि आवाज म्हटल्यावर मी आलो!

बाबांनी तीन आठवडे माझा छळ केला. त्या दिवशी खांबाखाली एक घमेलं पालथं पडलं होतं आणि त्याच्यावर गारा वाजत होत्या. तोच आवाज पाहिजे, म्हणाले, वामन लगेच ओळखेल. शॉमबर्गमध्ये घमेलं कुठून आणणार? शेवटी गाडीच्या इंजिनाखाली, तेल जमिनीवर गळू नये म्हणून ठेवतात ते पत्र्याचं पसरट भांडं बाबांनी ठोकून ठोकून पास केलं. मग त्याच्यावर काय टाकायचं? तांदूळ टाकले, तर म्हणाले हा भुरभुर पाऊस. हरभरे टाकले, तर म्हणाले ही दगडफेक. वाटाणे घरंगळून वॉशिंग मशीनखाली गेले आणि अजून तिथेच आहेत. साबुदाण्यावर मात्र बाबांनी डोळे मिटले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "हां. हेच."

चार पाउंड साबुदाणा मी स्टीलच्या मोठ्या डब्यात भरला. बाबांनी बजावून ठेवलं, दमट होऊ देऊ नकोस, मऊ पडला की वाजत नाही.

आता गुन्हा कुणाचा ते सांगतो, म्हणजे पुढे घोळ नको. ट्रॉयला आम्ही ज्यांच्याकडे उतरणार होतो त्या सुलभाकाकूंनी आठवडाभर आधी मला फोन केला होता. जेवायला काय करू, नाश्त्याला काय करू, तुझ्या बाबांचा शनिवारचा उपास असतो ना, त्यांना काय चालतं. मी संकोचलो आणि तीनतीनदा सांगितलं, "काकू, तुम्ही काही म्हणजे काही करू नका, आम्ही सगळं बरोबर घेऊन येतोय." हे बोलताना माझ्या डोळ्यांसमोर माइक होते. काकूंच्या डोळ्यांसमोर काय होतं याचा मी विचार केला नाही.

आणि शुक्रवारी संध्याकाळी, गॅरेजमध्ये दमट आहे म्हणून, गारपिटीचा डबा मी स्वतःच्या हातानं काकूंच्या स्वयंपाकघरात ओट्यावर नेऊन ठेवला. त्यांना म्हणालो, "हा इथे राहू दे, सकाळी लागेल."

सकाळी साबुदाण्याची खिचडी होती. मोकळी, लुसलुशीत, दाणा न् दाणा सुटा. सहा कलाकारांनी ती हाणली. मी दोनदा घेतली. एवढंच नाही, मी काकूंना विचारलं की साबुदाणा कुठला, आमच्याकडे असा चांगला मिळत नाही! काकू नुसत्या हसल्या. मला वाटलं, विनय. उरलेली खिचडी त्यांनी मोठ्या ट्रेमध्ये भरून हॉलवरच्या स्वयंसेवकांसाठी बरोबर घेतली. गारपिटीचा डबा तोपर्यंत व्हॅनमध्ये ठेवला गेला होता. मी उचलून बघितला. जड होता. निर्धास्त झालो.

नोव्हायच्या हॉलमध्ये दीडशे माणसं होती. अकराला कार्यक्रम सुरू झाला. अकरा वीसला, गाणं चालू असताना, मी पडद्याच्या कडेला माझं टेबल मांडायला घेतलं आणि डबा उघडला.

आत बेसनाचे लाडू होते.

दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. काकूंनी माझी गारपीट भिजवली, परतली, मला वाढली, डबा घासून कोरडा केला, आणि रिकामा कसा द्यायचा म्हणून वर बेदाणे लावलेले लाडू भरून दिले. त्या पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. आमची नजरानजर झाली. त्यांनी खुणेनंच विचारलं, आवडले का?

मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो?

पुढची आठ मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात कष्टाची. किराण्याचं दुकान पंधरा मिनिटांवर. मी मागच्या बोळात ते पत्र्याचं भांडं पालथं घातलं आणि त्याच्यावर चहाची साखर ओतून पाहिली. कोणीतरी कानात कुजबुजल्यासारखा आवाज आला. किल्ल्यांचा जुडगा टाकला, तो बैलगाडीसारखा वाजला. शेवटी (याची मला लाज वाटते) एक लाडूही टाकून पाहिला. तो पडला आणि पडूनच राहिला.

मृणाल घाईघाईनं मागे आली. मी डबा दाखवला. तिनं आधी डब्याकडे, मग माझ्या मिशीला चिकटलेल्या दाण्याकडे पाहिलं. तिच्या सगळं ध्यानात आलं.

"तू खाल्लीस," ती म्हणाली. "बाबांना सांगू नकोस. त्यांना कागदावरचं वाचताच येणार नाही."

तेवढ्यात मला सरबताच्या टेबलाखाली बर्फाचा मोठा खोका दिसला. मी बादलीभर बर्फ उपसला, पत्र्याचं भांडं काखेत मारलं आणि धावत जागेवर आलो.

बाबा माइकसमोर बसले होते. कागद हातात होता. मृणालनं त्यांना महिनाभर विनवलं होतं की सहज बोला, घरात बोलता तसं बोला. पण बाबांनी गोष्ट लिहिली होती ती खात्याला अहवाल द्यावा तशी, आणि आवाजही तसाच लावला होता. "सदर दिवशी दुपारी तीनच्या सुमारास वादळी वाऱ्यासह गारांचा वर्षाव सुरू झाला." हॉलमध्ये माणसं चुळबुळायला लागली होती. कोणीतरी जांभई दिली, ती मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू आली. इतकी वर्षं सांभाळून ठेवलेली गोष्ट, आणि ती अशी सदर-सदर करत मरणार. त्यात मी गारा खाऊन बसलेलो.

"सदर प्रसंगी सहकारी कर्मचारी श्री. वामन हे शिडीपाशी उपस्थित होते," बाबांनी वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. हा माझा इशारा होता.

मी बादली कलती केली.

बर्फ काही साबुदाणा नव्हे. भांड्यावर असा दणका उठला की पहिल्या रांगेतलं एक बाळ रडायला लागलं. तुकडे उसळून चहूकडे उडाले, आणि त्यातला एक चांगला लिंबाएवढा तुकडा थेट बाबांच्या टकलावर बसला.

बाबा थांबले. रेडिओवर शांतता म्हणजे मरण. एक, दोन, तीन सेकंद. कागद त्यांच्या हातातून गळून पडला होता. मृणालनं माइककडे हात नेला. मी बादली धरून उभा होतो, आणि बर्फ आपला अजून एकेक करून घरंगळत पत्र्यावर वाजत होता.

मग बाबा बोलले. पण तो अहवालाचा आवाज नव्हता, तो खांबावरचा होता.

"अबे वामन, घमेलं घे ना डोक्यावर!"

मृणालनं माइककडे नेलेला हात मागे घेतला.

"पण थो घेईल कसा," बाबा म्हणाले. "दोन्ही हात शिडीले होते त्याचे. शिडी सोडली तर मी खाली. घमेलं तिथंच, त्याच्या पायापाशी पडलं होतं. गारा त्या घमेल्यावर वाजत होत्या, म्हणून मले वर ऐकू येत होत्या. वामनच्या डोक्यावरच्या काही वाजत नव्हत्या. मी खाली उतरलो तवा त्याचं सारं डोकं रक्तानं भरलं होतं. मले म्हणे, तार लागली का? आणि नाव माझं झालं. पत्रक मले भेटलं. वामन, ऐकतोस ना? ते पत्रक तुझं आहे. मी मंगळवारी निघतो इथून. आलो का घेऊन येतो."

मी बादली पुन्हा भरून आणली आणि ओतत राहिलो. मला दुसरं काही करता येत नव्हतं, आणि तोंड पुसायला हात मोकळा नव्हता. मृणाल पुढचं निवेदन विसरली. फडाच्या सहा वर्षांत ती पहिल्यांदाच काहीतरी विसरली.

कार्यक्रम संपल्यावर लोक बाबांभोवती जमले असतानाच नागपूरहून फोन आला. वामनकाकांचा मुलगा होता. गर्दीत बाबांना ऐकू येईना म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, गारांचा आवाज आला तसा वडिलांनी धड असलेला डावा हात उचलला आणि डोक्यावर धरला. शेवटपर्यंत धरून ठेवला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हसत होते.

बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला. मग म्हणाले, "म्हणजे या वेळी तरी घमेलं घेतलं त्यानं." आणि टकलावरच्या टेंगळाला हात लावून खुर्चीत बसले.

परत शॉमबर्गला येताना व्हॅनमध्ये त्यांनी मला विचारलं की ऐन वेळी साबुदाणा सोडून बर्फ कसा काय सुचला. मी सगळं सांगून टाकलं. दहाबारा मैलांनंतर बाबा म्हणाले, "मीही दोनदा घेतली होती."

सुलभाकाकूंना मात्र आम्ही आजतागायत काही सांगितलेलं नाही. निघताना मी त्यांच्या पाया पडलो, खिचडीचं आणि लाडवांचं पुन्हा कौतुक केलं. काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि जरा बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "राग मानू नकोस हो मिलिंद, घरचा आहेस म्हणून सांगते. पुढच्या वेळी शिधा आणशील तेव्हा दाण्याचा कूटही आण. या वेळी मला माझ्या घरचा घालावा लागला."

मी हो म्हणालो. आता फडाच्या सामानात घोड्याच्या टापा, दाराची कडी आणि विजेचा कडकडाट यांच्या शेजारी अर्धा किलो दाण्याचा कूट असतो. त्याचा आवाज अजिबात येत नाही, पण तो घेतल्याशिवाय मी ट्रॉयला जात नाही.